शीतयुद्धातल्या लष्करी 'मन-ताबा' प्रयोगांवर श्रुतिका लिहितेय, तिसऱ्या भागात गाडी अडलीय

औषधवाली_मिरज

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत मेडिकल चालवते. रात्री शटर ओढलं, दुसऱ्या दिवशीची ऑर्डर टाकली, की लिहायला बसते. सध्या हातात एक विज्ञान-श्रुतिका आहे. सहा भाग, वीस-वीस मिनिटांचे. आम्ही चौघं हौशी आहोत. भावाच्या घरी अडगळीच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून 'स्टुडिओ' केलाय. खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी असल्यामुळे रेकॉर्डिंग रात्री अकरानंतरच.

विषय अमेरिकेतला आहे आणि तिथंच ठेवायचाय. पन्नास-साठच्या दशकात तिथल्या लष्करानं आणि सीआयएनं माणसाचं मन ताब्यात घेता येतं का, हे बघायला जे उद्योग केले, ते. नाव ठरलंय 'तबकडी'. सीआयएचे प्रमुख अ‍ॅलन डलेस यांनी १० एप्रिल १९५३ रोजी व्हर्जिनियात प्रिन्स्टनच्या माजी विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं होतं. कम्युनिस्टांच्या हाती सापडलेल्या माणसाचा मेंदू ग्रामोफोन होऊन बसतो, तबकडी लावणारा दुसराच असतो आणि हा बापडा नुसता वाजत राहतो, असा त्यांचा सूर होता. तो शुक्रवार. पुढच्या सोमवारी, १३ एप्रिलला, याच गृहस्थांनी एमके-अल्ट्राला, म्हणजे मन ताब्यात घेण्याच्या सीआयएच्या गुप्त प्रकल्पाला, मंजुरी दिली. शुक्रवारी शेजाऱ्याच्या नावानं बोंब मारायची आणि सोमवारी स्वतः तेच दुकान उघडायचं! हे वाचलं आणि झोपच उडाली माझी.

माझा नायक वॉल्टर, वय एकवीस, ओहायोतला शेतकऱ्याचा पोरगा. साल १९६२. छावणीत नोटीस लागते: गॅस मास्क आणि संरक्षक कपड्यांच्या चाचणीसाठी स्वयंसेवक हवेत, पहाऱ्याची ड्यूटी माफ, शनिवार-रविवार सुट्टी. पोरगं सही करतं आणि मेरीलँडमधल्या एजवूड आर्सेनलला पोचतं. इथपर्यंतचं सगळं खऱ्यावर बेतलेलं आहे. १९५५ ते १९७५ या वीस वर्षांत एजवूडला सुमारे सात हजार सैनिकांवर अडीचशेहून जास्त रसायनं वापरून बघितली. त्यातलं बीझेड मला धंद्यामुळे लगेच कळलं, कारण ते आमच्या अ‍ॅट्रोपिनच्या भाऊबंदांतलं. आधी तोंडाला कोरड, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, नाडी धावायला लागते, आणि मग दोन-तीन दिवस माणूस या जगात नसतोच. नसलेल्या माणसांशी बोलतो, अंगावरचे नसलेले धागे वेचतो.

पहिले दोन भाग झालेत, वाचून दाखवले तेव्हा मंडळींना आवडले. तिसऱ्यात मी एक यंत्र आणलंय. डोक्यावर शिरस्त्राण, त्यातून लहरी, आणि वॉल्टरला आज्ञा ऐकू येतात. ते यंत्र 'घूंऽऽ' करून सुरू झालं, की माझाच विश्वास उडतो. भावाची बायको म्हणाली, 'मिक्सर लावलास का गं?' आता बोला.

तर जाणकारांना विचारायचं ते असं. यंत्र ठेवू की काढू? काढलं तर विज्ञानकथा उरते का? वॉल्टरला ऐकू येणारा आवाज खरा की भासातला, हे ऐकणाऱ्याला कसं कळवायचं, की कळवायचंच नाही? आपल्याकडे दिवे नाहीत, धूर नाही, आहेत ते दोन माईक. शिवाय हे सगळे अमेरिकी मराठीत बोलणार, तर त्यांना कसं बोलतं करू? डॉक्टरच्या तोंडी 'अरे देवा' घातलं तर तो कसबा पेठेतला वाटतो आणि 'ओह माय गॉड' घातलं तर जाहिरातीतला.

आणखी एक गोष्ट मनात घोळतेय. वाचता वाचता मी मॉन्ट्रियलच्या अ‍ॅलन मेमोरियल इन्स्टिट्यूटपर्यंत पोचले. तिथं सीआयएचा पैसा पोचला होता, आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. इवेन कॅमेरून रुग्णांना दिवसचे दिवस झोपवून ठेवत. त्या झोपेच्या औषधांत क्लोरप्रोमाझिन होतं, सेकोनाल, नेम्ब्युटाल, व्हेरोनाल आणि फेनरगन. बार्बिट्युरेटं आता फारशी दिसत नाहीत, पण फेनरगन माझ्या रॅकवर आहे, गाडी लागणाऱ्या पोरांसाठी आया घेऊन जातात. त्या दिवशी बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देताना हात जरा थबकलाच. अशी माणसं खरोखर होऊन गेली, त्यांची घरंदारं आहेत. त्यांच्यावर करमणूक रचणं बरं दिसतं का?

---

घाटावरचा_गडी

ताई, विषय जबरी! पण ओहायो-बिहायो कशाला? देवळालीत घाला, नाहीतर सह्याद्रीत एखादी गुप्त प्रयोगशाळा काढा. आपल्या माणसाला आपलं वाटलं पाहिजे. वॉल्टरचा वसंत करा, काम झालं. यंत्र मात्र ठेवा, मजा येते.

---

स्पूलटेप

घाटावरचे राव, वॉल्टरचा वसंत केला की उरते ती नुसती थाप. या विषयाची गंमत अशी आहे की कागद आहेत, सुनावण्या झाल्या, तारखा आहेत. ते सोडून सह्याद्रीत कशाला जायचं?

ताई, मी रेडिओत नाटकाच्या विभागात ध्वनिमुद्रणाला होतो, निवृत्त झालो. माझं मत: यंत्र आजच्या आज काढा. तुमच्या हाताशी त्याहून भयंकर वस्तू आहे आणि ती खरी आहे. टेपरेकॉर्डर.

कॅमेरूनच्या पद्धतीचं नाव होतं 'सायकिक ड्रायव्हिंग'. त्यावरचा त्याचा लेख १९५६ साली अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीत उघडपणे छापून आलेला आहे. रुग्णाशी बोलणं टेप करायचं, त्यातलं एखादं वर्मी लागणारं वाक्य उचलायचं, कधी रुग्णाच्याच आवाजात, आणि ते पुन्हा पुन्हा ऐकवायचं. उशीत स्पीकर, कानाला हेडफोन, दिवसाला सोळा सोळा तास, आठवडेच्या आठवडे. आधी टोचणारं वाक्य, मग धीर देणारं. म्हणजे प्रयोगच मुळी आवाजाचा होता. तुम्ही श्रुतिका लिहिताय आणि हे सोडून लहरींच्या मागे लागलाय!

आता टेपची गोष्ट सांगतो, कारण आजच्या पोरांना लूप म्हणजे माऊसची एक टिचकी वाटते. सेकंदाला साडेसात इंचांच्या स्पीडला आठ सेकंदांचं वाक्य म्हणजे साठ इंच, पाच फूट टेप. पाच फुटांची माळ रेकॉर्डरवर कुठं मावणार? ती बाहेर काढावी लागते. समोर स्टुलावर एखादी बाटली उभी करायची, तिच्याभोवतून टेप फिरवून परत हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, आणायची. बाटली पुढंमागं सरकवून ताण साधायचा. ढिली राहिली तर आवाज डुलतो, ताणली तर सूर उतरतो. ब्लेडनं तिरका काप घेऊन दोन टोकं जोडली तर सांधा गुपचूप निघून जातो. सरळ कापली तर प्रत्येक फेरीला हेडवर 'टक्' होतं. आम्ही नवख्यांना त्या 'टक्'बद्दल शिव्या घालायचो. तुम्ही मात्र ती ठेवा. वाक्य, टक्, वाक्य, टक्. दुसऱ्या भागाच्या शेवटी श्रोता वाक्य ऐकायचं सोडून त्या टक्-ची वाट बघायला लागेल. तिसऱ्या भागात एकदाच टक् येऊ देऊ नका. बघा काय होतं ते.

खरा आवाज आणि भास यांचं. खोलीतलं माणूस माईकपासून दोन-तीन हात लांब उभं करा, म्हणजे आवाजाबरोबर खोलीही ऐकू येते. डोक्यातला आवाज अगदी माईकला चिकटून, हळू, खोलीशिवाय. एवढं श्रोत्याला दहा मिनिटांत आपोआप कळतं, समजावून सांगावं लागत नाही. मग हळूहळू अदलाबदल करा. डॉक्टर जवळ येत जाईल, डोक्यातला आवाज खोलीत फिरायला लागेल.

बीझेडचा एक प्रसंग तर देवानं श्रुतिकेसाठीच धाडलाय. एजवूडला एका खोलीत दोघं भ्रमात होते. एकानं सिगारेट मागितली आणि दुसऱ्यानं हवेतलं पाकीट पुढं केलं. पडद्यावर हे दाखवलं तर प्रेक्षकाला रिकामा हात दिसतो आणि खेळ तिथंच संपतो. तुमच्याकडे हात दिसतच नाही! काडी पेटल्याचा आवाज द्या, झुरका द्या, धूर सोडल्याचा सुस्कारा द्या. श्रोता म्हणेल, सिगारेट आहे. मग लांबून डॉक्टरचा आवाज, 'नोंद करा, हातात काहीही नाही.' इथं श्रोता स्वतः भ्रमात सापडतो. दुसरं कुठलंच माध्यम हे करू शकत नाही.

संवादांचं म्हणाल तर साधं, बेताचं मराठी. 'सर', 'सार्जंट', 'डॉक्टर' एवढे शब्द पुरेत, उद्गारवाचक कमीत कमी. घाबरलेला माणूस 'ओह माय गॉड'ही म्हणत नाही आणि 'अरे देवा'ही म्हणत नाही, त्याचा नुसता श्वास बदलतो.

गोधड्या चांगल्या आहेत. छतालाही एक लावा.

---

हिशेबतपासनीस

माझा धंदा दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा, तेव्हा थोडं रुक्ष लिहितो.

एमके-अल्ट्राबद्दल आंतरजालावर जे फिरतं त्यातलं निम्मं सोडून द्या. उरतं ते पुरेसं वाईट आहे. १९७३ साली सीआयएचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांनी फायली नष्ट करायला लावल्या. पण १९७७ साली माहितीच्या हक्काखाली आलेल्या अर्जामुळे शोधाशोध झाली, आणि सुमारे वीस हजार पानं सापडली. ती वाचली कशी? हिशेबाची होती म्हणून! प्रयोगांचे अहवाल जाळणाऱ्यांना बिलं आणि मंजुऱ्या वेगळ्या ठेवलेल्या असतात हे सुचलं नाही. त्यावरून १४९ उपप्रकल्प आणि ८० संस्था निघाल्या: विद्यापीठं, इस्पितळं, तीन तुरुंगसुद्धा. ऑगस्ट १९७७ मध्ये सिनेटपुढे सुनावणी झाली.

म्हणून माझी सूचना, प्रत्येक भाग एका व्हाउचरच्या वाचनानं सुरू करा. कोरड्या कारकुनी आवाजात. अमुक रक्कम, अमुक कामासाठी, सही. श्रोत्याला पुढची वीस मिनिटं त्या रकमेचा अर्थ लागत जाईल.

आता मुद्द्याचं. हे प्रयोग फसले. एकही माणूस असा तयार झाला नाही की ज्याला खूण केली आणि तो हुकमानुसार खून करून आला. कॅमेरूननं माणसांच्या आठवणी पुसल्या, पण कोऱ्या झालेल्या मनावर नवं काही लिहिता त्याला आलं नाही. त्याच संस्थेत १९६७ साली जुन्या रुग्णांची पाहणी झाली. पूर्ण 'पुसलेल्यां'पैकी साठ टक्क्यांना सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतच्या आठवणी कायमच्या गेलेल्या होत्या. त्यातल्या कित्येक बाया बाळंतपणानंतरच्या उदासीसाठी, नाहीतर भीती वाटते म्हणून आलेल्या. तुमच्या गोष्टीत टेप 'चालली', वॉल्टर कळसूत्री झाला, तर तुम्ही कॅमेरूनची फुकट जाहिरात करताय.

आणखी एक पात्र बघा. कॉर्नेलचे डॉ. हॅरॉल्ड वोल्फ. कोरियात डलेसच्या मुलाच्या डोक्याला गंभीर इजा झाली होती, त्याच्यावर वोल्फ उपचार करत. डलेसनी त्यांनाच विचारलं की कम्युनिस्ट नेमकं काय करतात. वोल्फ आणि त्यांचे सहकारी हिंकल यांनी १९५६ मध्ये निष्कर्ष दिला: जादू नाही, गुप्त औषध नाही. एकांत, जागरण, भूक, थंडी आणि तेच तेच प्रश्न. पोलिसी खाक्या, जुनाच. म्हणजे उत्तर हातात आलं होतं. आणि कॅमेरूनला सीआयएचा पैसा ज्या सोसायटीमार्फत पोचला, तिचे अध्यक्ष कोण? हेच वोल्फ. मला या माणसाचं कोडं अजून सुटलेलं नाही.

अवांतर: सगळ्या प्रकल्पाचा सूत्रधार सिडनी गॉटलीब. रसायनशास्त्रज्ञ, बोलताना अडखळायचा, घरी शेळ्या पाळायचा. निवृत्तीनंतर बायकोसह भारतात येऊन कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात काम केलं. कथेत घातलंत तर लोक म्हणतील लेखिकेनं पदरचं घातलं.

---

स्पूलटेप

हिशेबतपासनीस, व्हाउचरची कल्पना फर्मास. पण विज्ञानकथा आहे हो, एक तरी गोष्ट 'चालली' पाहिजे, नाहीतर ते माहितीपट होईल.

---

हिशेबतपासनीस

चालू दे की. कुणावर चालावी एवढंच म्हणतोय.

---

बर्फातली_भाकरी

मी मॉन्ट्रियलमध्ये राहते, म्हणून चार ओळी.

ती इमारत म्हणजे रेव्हन्सक्रॅग, जहाजमालक सर ह्यू अ‍ॅलन यांचा एकोणिसाव्या शतकातला वाडा. पाइन अ‍ॅव्हेन्यूवर, मॉन्ट रॉयलच्या उतारावर, दगडी, मनोरा असलेला. बाहेरून बघून कुणालाही आत लग्नाचा हॉल असेल असं वाटावं. मी रोज त्या रस्त्यानं जायचे तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

स्पूलटेप काकांसाठी आवाजाची भर घालते. तिथून जवळच, त्याच रस्त्यावर, मॅकगिलचं पर्सिव्हल मोल्सन स्टेडियम आहे. अ‍ॅलुएट्स हा संघ १९५४ पासून पुढची बरीच वर्षं तिथं फुटबॉल खेळायचा. म्हणजे शरद ऋतूत एखाद्या दुपारी वरती माणसं औषधांनी झोपवलेली आणि खाली हजारोंचा गलका. बर्फ पडलं की मात्र शहराचे आवाज एकदम बसतात, गाड्यासुद्धा कापसावरून गेल्यासारख्या.

आणि तुम्हाला लष्करच हवं असेल तर तेही याच मॅकगिलमध्ये आहे. १९५१ पासून डोनाल्ड हेब यांनी कॅनडाच्या संरक्षण संशोधन मंडळाच्या पैशावर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना दिवसाला वीस डॉलर देऊन नुसतं झोपवून ठेवायचं. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांना पुठ्ठ्याच्या नळ्या, डोक्याभोवती फोमची उशी, कानात यंत्रांची घरघर. बहुतेक जण दोन-तीन दिवसांत उठून गेले. एकाला खांद्यावर पोतडी टाकून शिस्तीत चाललेल्या खारी दिसल्या! मला सगळ्यात काय लागलं सांगू? त्यांना अधूनमधून रेकॉर्ड ऐकायची मुभा होती, पण त्या भिकार. सहा वर्षांच्या मुलांसाठी दारूच्या दुष्परिणामांवरचं भाषण, शेअर बाजाराचा शिळा अहवाल. आणि ही कॉलेजातली हुशार पोरं तेच पुन्हा पुन्हा मागून ऐकत होती.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. सीआयएनं १९८८ मध्ये नऊ जणांशी मिळून साडेसात लाख डॉलरवर तडजोड केली, आणि १९९२ मध्ये कॅनडा सरकारनं ७७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले, चूक कबूल न करता. कित्येक अर्ज फेटाळले गेले. काही कुटुंबं अलीकडे परत कोर्टात गेली आहेत. तेव्हा खऱ्या रुग्णाचं नाव, खऱ्या रुग्णाचं वाक्य वापरू नका, एवढं पथ्य पाळलंत तरी पुष्कळ. गोष्ट सांगूच नये असं मला वाटत नाही. इथल्या कित्येक शेजाऱ्यांनाही ती ठाऊक नाही.

---

बराकीतलं_पोर

वडील फौजेत होते, त्यामुळे माझं लहानपण कँटोन्मेंटांत गेलं. धाग्यात अजून कुणी कोरियाचा मराठी धागा काढला नाही, याचं नवल वाटतं.

'ब्रेनवॉशिंग'ची सगळी हाकाटी कोरियन युद्धामुळे झाली. पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांनी जंतुयुद्धाच्या कबुल्या दिल्या, आणि युद्ध थांबल्यावर काही अमेरिकी युद्धकैदी म्हणाले, आम्ही घरी जात नाही, चीनमध्ये जातो. अमेरिकेत हाहाकार! आमच्या पोरांच्या डोक्यात काय भरलं? आता बघा, घरी जायला नकार देणारे दोन्ही बाजूंचे कैदी सांभाळायला कोण होतं? भारतीय फौज. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांच्या प्रत्यक्ष ताब्याची जबाबदारी असलेल्या कस्टोडियन फोर्स इंडियाचे कमांडर मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके खार खाऊन होते, की आमच्या जवानांचा पाय आमच्या भूमीला लागता कामा नये म्हणाले. म्हणून जहाजांवरून हेलिकॉप्टरनं उचलून सगळ्यांना निर्लष्करी पट्ट्यात नेलं. तिथं छावणी वसली, तिचं नाव हिंदनगर. बावीस हजारांहून जास्त कैदी, बहुतेक चिनी आणि उत्तर कोरियाई, आणि पलीकडच्या बाजूला तीनशेंवर, त्यात तेवीस अमेरिकी. एकदा चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून धरलं. तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणला. गोळी न चालवता.

नियम असा होता की प्रत्येक बाजूनं आपल्या कैद्याला समजवायचं, मायदेशी परत चल म्हणून, आणि भारतीयांनी मध्ये उभं राहून बघायचं की जबरदस्ती होत नाही ना. विचार करा, शीतयुद्धातल्या दोन्ही बाजू एकेका माणसाचं मन वळवायला धडपडताहेत आणि मध्ये आपला माणूस पंच! तेवीसपैकी दोघांनी विचार बदलला, ते अमेरिकेला परतले, तर त्यांच्यावर कोर्ट मार्शल. एकवीस चीनला गेले. आणि त्यातले बहुतेक पुढच्या काही वर्षांत आपसूक घरी आले. कसली तबकडी न् कसलं काय.

ताई, तुम्हाला गोष्ट तिकडेच ठेवायचीय, ठेवा. पण पहिल्या भागात पाच मिनिटं हिंदनगरला द्या. वसंत नको, खरे थोरात आहेत.

आणि जाता जाता, एजवूडच्या सार्जंट जेम्स स्टॅनलींचा खटला वाचा. १९५८ मध्ये नकळत एलएसडी दिलं, तेही संरक्षक साधनांच्या चाचणीच्याच नावाखाली. १९७५ मध्ये लष्कराचं पत्र आलं की पुढच्या पाहणीला या, तेव्हा कुठं त्यांना कळलं. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, सैनिकाला सेवेतल्या इजेसाठी दावा लावता येत नाही. शेवटचा भाग तिथं नेता येईल.

---

औषधवाली_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानात गर्दी होती म्हणून उत्तराला उशीर झाला.

यंत्र काढलं. भावाची बायको खूश आहे.

'टेप कुणावर चालावी', हा हिशेबतपासनीसांचा खोचक प्रश्न डोक्यात बसला होता. काल पावत्या लावता लावता उत्तर सुचलं. स्पूलटेप काका, तुम्ही लूप जोडणाऱ्या माणसाचे हात एवढे बारकाईनं लिहिलेत, पण त्याच्या कानांचं काय? रुग्ण औषधानं गुंगीत, डॉक्टर राउंड मारून घरी जातो. पाच फुटांची टेप ताणात ठेवायला, सांधा तुटला तर परत जोडायला जो बसलाय, तो ठार जागा आहे आणि सगळं ऐकतोय. त्याच्यावर प्रयोग चाललाय हे कुणाच्या कागदावर नाही. टेप चालते ती त्याच्यावर. आणि ज्या वाक्यांचे सांधे तो जोडतो, ती वाक्यं दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या तोंडून जशीच्या तशी यायला लागतात, असा माझा विज्ञानकथेचा वाटा. व्हाउचरं वाचणारा कोरडा आवाजही त्याचाच निघेल, पाचव्या भागात.

म्हणजे वॉल्टर दोन भागांपुरता राहिला. सिगारेटचा प्रसंग त्याला दिलाय, काल रात्री घेऊनही टाकला. काड्यापेटी अर्धी संपली, कारण ओल्या हवेत काडी पेटताना 'फुस्स' होते आणि ते विनोदी वाटतं. मुख्य माणूस आता हा टेपवाला. कोरियात सिग्नल्समध्ये होता, मग एजवूड, तिथून लष्कर त्याला मॉन्ट्रियलला टेपचं काम शिकायला धाडतं. हे धाडणं माझं रचलेलं आहे, आणि श्रेयनामावलीत तसं स्पष्ट सांगणार आहे. रुग्णांची नावं-वाक्यं सगळी माझी. बर्फातली_भाकरी, तुमचं पथ्य पाळते. स्टेडियमचा गलका चौथ्या भागात येईल. मिरजेच्या मैदानावर क्रिकेटच्या मॅचला जाऊन गर्दी टेप केली, पण त्यात एकजण 'ए बाळ्याऽऽ' म्हणून ओरडलाय, तेवढा कापायचा आहे.

घाटावरचे भाऊ, राग मानू नका. कागद तिकडचे आहेत, तर माणसंही तिकडचीच राहू देत.

हिंदनगरचा प्रसंग मात्र घेतलाच. मजा म्हणजे माझे अमेरिकी मराठीत बोलतात, आणि तारेपलीकडून खरं मराठी येतं तेव्हा ते टेपवाल्याला परकं वाटलं पाहिजे! म्हणून ते लांबून, वाऱ्यात अर्धवट हरवलेलं ठेवलंय. शब्द कळू नयेत, हेल तेवढा कळावा. थोरातांच्या तोंडी मी एकही वाक्य घालणार नाही, तो आगाऊपणा होईल. 'जनरलसाहेब आत गेले' एवढं जवान एकमेकांना सांगतात आणि फाटकाची कडी वाजते.

त्यासाठी दोन जवान हवेत, कोल्हापूरकडचा हेल असलेले, तीस-चाळिशीतले. मानधन नाही, पण मिरजेला आलात तर भडंग आणि बासुंदी माझ्याकडून. कुणाला करायचं असेल तर मिनिटभराचा नमुना व्यक्तिगत निरोपातून धाडा. मोबाईलवर केला तरी चालेल, फक्त पंखा बंद करा आणि शेजाऱ्यांची टीव्ही मालिका संपू द्या.